पाचाच्या जागी सहा

लोइस माकी म्हणायची,
पत्रपेटी ते केराची टोपली, अंतर अकरा पावलं.
स्वतःच्या घरी मोजलं होतं तिनं, बर्फात, सपाता घालून.
तेवढ्यात काय ते बोलून घ्यायचं.
सहाव्या पावलाला माणूस बिलं वेगळी काढतो,
नवव्याला तू गेलास.

डुलुथमध्ये, टेकडीच्या पायथ्याशी तिचा छापखाना.
शाईचा वास, जळक्या कॉफीचा वास,
आणि दार नीट लागत नाही हे ठाऊक असलेला
सरोवरावरचा वारा.
मी नवा होतो. मला सगळंच सांगायचं असायचं.

ऑक्टोबरात क्लेटन ब्युलू आला.
तळघरांतल्या भट्ट्या दुरुस्त करायचा.
टोपी हातात घेऊन म्हणाला,
लिहा, की मी प्रामाणिक आहे.
लोइसनं पेन खाली ठेवलं.
"कार्डावर सगळेच प्रामाणिक असतात.
रात्री दोनला फोन उचलतोस?"
उचलतो.
"मग तेवढंच लिहू."

माझा पहिला नमुना:
ज्वाळा, घर, हसरं कुटुंब, कुटुंबाचा कुत्रा,
वीस वर्षांचा अनुभव, मोफत तपासणी,
तीन तऱ्हेची अक्षरं, आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत
एक हिमकण, उगाच.
तिनं तो हातभर लांब धरला, डोळे किलकिले केले,
मग लाल पेन्सिल.
कुटुंब गेलं. कुत्र्यापाशी ती जरा थांबली,
तोही गेला.
उरलं काळंनिळं घर, त्यात एकच पिवळी खिडकी,
वर एक ओळ: रात्री दोनला भट्टी विझली तर?
मागे नाव, आणि अंगठ्याएवढ्या आकड्यांत फोन.
"मोकळी जागा वाया गेली असं वाटतंय ना तुला?
अरे, डोळा टेकायला तीच लागते."

पाच हजार कार्डं. लेकसाइड, वुडलंड, वरची टेकडी.
जिथं घरं जुनी आणि भट्ट्या त्याहून जुन्या.
थंडी आली ती एकदम, पारा शून्याखाली वीस.
चौथ्या दिवशी क्लेटन दारात.
एकही फोन नाही, म्हणाला. रागानं नाही,
आपलंच काही चुकलं असेल अशा आवाजात.

मी कार्ड उलटं केलं.
कान आधी तापले, कळलं नंतर.
आकडे मीच टाइप केले होते.
पाचाच्या जागी सहा.

लोइसनं तो नंबर फिरवला.
पहिल्याच घंटीला उचलला कोणीतरी:
सायमा केतोला, वय ब्याऐंशी.
"बरं झालं, तुम्हीच केलात," ती म्हणाली,
"ब्युलू सात आहेत डिरेक्टरीत,
मी चौघांना उठवून झालं."

तीन रात्री ती फोनपाशी बसली होती,
मांडीवर विणकामाची वही.
ज्यानं त्यानं फोन केला, त्याला सांगितलं,
नळ थेंबथेंब सुरू ठेवा, नाहीतर पाइप फुटतील,
सगळ्यांनी एकाच खोलीत झोपा,
माणूस येतोय.
येतोय की नाही, तिला तरी कुठं माहीत.

वही लोइसनं जाऊन आणली.
डाव्या पानावर टाके, उजव्या पानावर तेवीस नावं.
पत्ता, वेळ, आणि पुढं बारीक पेन्सिलीनं:
तान्हं मूल आहे, आधी इथं.
भांडखोर, पण घाबरलेली.
कुत्रा चावतो म्हणे, मला नाही वाटत.
पैशांचं विचारत होता, दोनदा.

इतक्या कमी शब्दांत
मला तेव्हा काहीच सांगता येत नव्हतं.

क्लेटन दुकानात उभ्यानंच वाचत होता,
बोट ओळीओळीवरून, हातमोजा न काढता.
एकोणिसाव्या नावाशी अडला.
तिथं लिहिलं होतं:
भट्टी ठीक चालते. नुसतंच बोलला. पहाटे सव्वातीन.

"याच्याकडेही जायचं?" त्यानं विचारलं.

लोइस नव्या कार्डाचा नंबर
एकेक आकडा मोठ्यानं वाचत होती, माझ्याकडून वदवून घेत.
मान वर न करता म्हणाली,
"पत्ता लिहिलाय ना?"